नामंजूर तुकड्यांचं ग्रंथालय

४ जानेवारी २०१६

प्रिय दादा,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जुळवतोस, म्हणून लिहायला बसले. मागे मी 'भिंत पडली' म्हटलं, तर तू 'ठमी पडली' ऐकलंस आणि वहिनी तासाभरात बॅग भरून तयार! ते पुन्हा नको.

काम आलंय. आमच्या इथे नवं ग्रंथालय बांधायचं ठरलंय, बसडेपोच्या मागे, जिथे जुना बर्फाचा कारखाना होता त्या उतारावर. पाच वास्तुरचनाकारांना बोलावलंय, त्यात मी एक. मला का बोलावलं ते देव जाणे, बहुधा यादीत पाचवं नाव कमी पडत असेल. समितीच्या पत्रात एक वाक्य आहे: 'इमारत पाहताच भविष्यकाळात आल्याचा भास झाला पाहिजे.' परवा बैठक झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांना घुमट हवा. देणगी देणाऱ्या व्यापाऱ्यांना हमरस्त्यावरून दिसेल असा मनोरा हवा. इंजिनिअर साहेबांना काहीच नको, फक्त गळायला नको. ग्रंथपाल बाई कोपऱ्यात वही मांडून बसल्या होत्या. त्यांना काय हवं ते कुणी विचारलं नाही. खरं सांगू? मीही नाही विचारलं.

दादा, मी सत्तावन्नची झाले. एकतीस वर्षांत माझ्या हातून उभं राहिलं काय? तीन गोदामं, एक बँकेची शाखा, दोन वाहनतळ आणि मोजता येणार नाहीत इतकी न्हाणीघरं. जे जे बरं होतं ते तू बनवलेल्या मॉडेलपर्यंत आलं आणि तुझ्या लाकडातच राहिलं. आता कागद पुढे घेतला की काही येतच नाही. पेन्सिलीला टोक काढते, मोडते, पुन्हा काढते. आमचे ड्राफ्ट्समन काका परवा म्हणाले, "बाई, पेन्सिल संपली की काम होईल का?"

हे शेवटचं. जमलं तर जमलं, नाहीतर ऑफिसची किल्ली खालच्या फरशीवाल्याला देऊन मोकळी होणार.

२ मार्चला सादरीकरण आहे. एकास दोनशेचं मॉडेल लागेल, म्हणजे खऱ्यातले दोन मीटर मॉडेलमध्ये एक सेंटीमीटर. (तुला सांगतेय! सवय झालीय समित्यांना समजावण्याची.) पूर्वी करायचास तसे आधी थोडे सुटे आकार कापून पाठव. गोळा, ठोकळा, नळकांडं, काहीही. हातात घेऊन फिरवले की मला सुचायला लागतं.

तुझी,
ठमी


१६ जानेवारी २०१६

ठमे,

माझं अक्षर वाचवत नाही ही तुझी लहानपणापासूनची तक्रार. म्हणून या खेपेला टाइप करतोय. एकेक अक्षर शोधायला वेळ लागतो, त्यामुळे पत्र लांबलं आणि मजकूर आखडला.

काम आलं हे उत्तम. दमलीस म्हणतेस तर दम. दमलेला माणूस उगाच जास्तीच्या रेघा मारत नाही.

नवीन काही कापलेलं नाही. माळ्यावरून जे मिळालं ते खोक्यात भरून पाठवलंय. नऊ नग आहेत. तुझेच आहेत, ओळखशील. नळकांड्याला हात लावताना जपून, त्याची एक कड नाजूक आहे. जमिनीवर मांड आणि बघ. लगेच कुठे चिकटवू नकोस.

इथे सगळं ठीक. वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझे कान. दोघांत मिळून एक बरा माणूस होतो.

दादा


२३ जानेवारी २०१६

दादा,

खोका मिळाला.

उघडताना काका होते, दाराशी टपालवाला होता. सगळ्यात वर नाट्यगृहाचा घुमट. उलटा केला तर तळाशी तुझी चिठ्ठी: 'नाट्यगृह. नामंजूर. १९९१.' त्याखाली रुग्णालयाच्या गोल दालनाचं नळकांडं: 'नामंजूर. १९९७.' शाळेचं दातेरी, करवती छप्पर, 'नामंजूर'. कॉलेजचा पूल, 'नामंजूर'. डॉक्टरीणबाईंच्या बंगल्याचा जिना, त्यावर तर 'नामंजूर' दोनदा. एकेक काढत गेले आणि काका एकेक वाचत गेले, मोठ्याने.

मी तुला आकार मागितले होते. माझ्या एकतीस वर्षांचा पंचनामा नव्हता मागितला. दमलेय असं लिहिलं, त्याचं हे उत्तर? आणि तुकडे तरी धड एका मापाचे आहेत का? एक एकास शंभर, एक एकास वीस. घरातली अडगळ काढून टाकावी तशी पाठवून दिलीस.

वेळ नव्हता तर 'नाही' म्हणायचं होतं. मी वाईट वाटून घेतलं नसतं. इथे यंत्रावर मॉडेल छापून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे जाते.

ठमी


९ फेब्रुवारी २०१६

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून मी दररोज दुपारी जिन्यातल्या पेटीपाशी जात होते. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे राग आपोआप निम्मा झाला. तीन मजले चढून वर येईपर्यंत तुझ्यावर चिडायला श्वासच उरत नसे.

यंत्रवाल्याकडून मॉडेल आलं. मी एक लांबट, गुळगुळीत, पांढरं अंडं काढलं होतं. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं दिसतं. काका म्हणाले, "भविष्यात लोक फार आंघोळ करणार वाटतं."

आता खरी गोष्ट सांगते. परवा ग्रंथपाल बाई आल्या. बुटक्याशा, काटकुळ्या, पन्नाशीच्या. खोल्यांची यादी द्यायला आल्या होत्या. टेबलावरचं अंडं बघून "छान आहे" म्हणाल्या, अगदी आजाऱ्याला 'बरे दिसताय' म्हणतात त्या सुरात. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तुझे नऊच्या नऊ तुकडे मी तिथे ढकलून ठेवले होते.

"हे काय?"

"जुनं सामान."

त्यांनी चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली. विचारलंही नाही. नळकांडं उचलून म्हणाल्या, "यात मुलं बसतील. गोल असलं की भांडत नाहीत, कोपऱ्यासाठी." करवती छप्पर घेतलं: "उजेड उत्तरेकडून येईल ना? मग इथे वर्तमानपत्रं. म्हाताऱ्यांना दिसतच नाही हो आमच्याकडे, खिडकीशी उभे राहून वाचतात." मग त्यांनी तो जिना उचलला. एकास वीसचा. त्याच्या पायऱ्यांवरून बोटं चालवत त्यांनी विचारलं, "ही पायरी किती उंच?"

मी सहज सांगायला गेले, पंधरा सेंटीमीटर. आणि अडखळले. कारण त्यांनी तो ठेवला होता एकास दोनशेच्या नकाशावर. तिथे तीच पायरी दहापट होते. दीड मीटर उंच, तीन मीटर रुंद. दादा, ती पायरी राहतच नाही! तो बसायचा सज्जा होतो, आणि मागची उभी बाजू म्हणजे खांद्याएवढ्या उंचीचं पुस्तकांचं कपाट. उतारावर तेरा सज्जे, एकावर एक. बाजूला चढायला लहान पायऱ्या. रुग्णालयाचं चाळीस माणसांचं दालन दुप्पट रुंद होऊन दीडशे मुलांना पुरतं. वेगवेगळ्या मापांचे तुकडे म्हणून मी तुझ्यावर ओरडले, आणि सगळी मजा त्या मापांतच होती.

तीन तास आम्ही दोघी जमिनीवर होतो. उठताना दोघींनाही एकमेकींचा हात लागला.

तू हे पाहिलं होतंस का? मुद्दाम पाठवलंस? मी वाकड्यात शिरले. माफ कर. पण आता हे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. जोड तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाहीत. मी खोका परत पाठवू का? तीन आठवडे उरलेत. काहीतरी कळव, चार शिव्या दे हवं तर.

ठमी


१३ फेब्रुवारी २०१६

प्रिय ठमूताई,

हे पत्र मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टात उभी राहून लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

ऑगस्टमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले थोडक्यात निभावलं. चालतात, बोलतात, जेवतात. पण उजव्या हातात जोर राहिला नाही. बोटं मिटतात ती आपणहून उघडत नाहीत. सुरी धरता येत नाही. सही सुद्धा अंगठ्याने केली बँकेत. तुम्हाला कळवू नका म्हणून मला शपथ घातली. म्हणे, ती कामं द्यायची बंद करेल आणि वर दर महिन्याला फळं घेऊन येईल.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पाहिलं, तोंडावर रंग आला त्यांच्या. नवीन कापता येईना म्हणून माळ्यावर चढले. मी खालून शिडी धरून ओरडतेय, आणि ह्यांना ऐकू येत नाही हे त्यांच्या सोयीचं! अकरा दिवस लागले. डाव्या हाताने एकेक तुकडा काढला, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली, पंचवीस-तीसमधून नऊ निवडले. त्या चिठ्ठ्या ते पूर्वीपासून लावतात हो, प्रत्येकावर, कुठलं काम, काय झालं, कधीचं. तुम्हाला बोचावं म्हणून नाही. मला म्हणाले, "ह्यातलं एकही वाईट नव्हतं, नशीब वाईट होतं, ती बघेल."

मग तुमचं दुसरं पत्र आलं. वाचलं, घडी केली, म्हणाले, "बरोबर आहे तिचं." आणि त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं मोरीत ओतलं. करवतीचं यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचं चाललंय. परवाचं तुमचं तिसरं पत्र त्यांनी चार वेळा वाचलंय, पण उत्तर लिहीत नाहीत. एका बोटाने टाइप करायचं आणि खोटं लिहायचं, दोन्हीचा कंटाळा आला असेल.

मी सांगितलं असं कळू देऊ नका.

तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी २०१६

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू कामात असशील. मीच आगाऊपणे आणखी एक विनंती करते.

खोका परत पाठवायचा विचार सोडला, वाटेत मोडतोड होईल. त्यापेक्षा तूच ये ना. तुला काही करावं लागणार नाही. काकांचा हात सुरीवर चांगला आहे आणि मी चिकटवू शकते. तू फक्त खुर्चीत बसून आम्हाला सांग. मला तुझी नजर हवी आहे. जागा मोकळी आहे, पलंग खिडकीशी लावते, आणि लिफ्ट सोमवारपर्यंत दुरुस्त होईल असं म्हणतात. तुझ्या सोयीने ये, घाई नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग. तुझी तब्येत उत्तम असेलच.

तुझी,
ठमी


२२ फेब्रुवारी २०१६

ठमे,

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर आधीपेक्षा बरं आहे असं वहिनीचं मत.

तुझं पत्र वाचताक्षणी कळलं की हिने तुला सांगितलं. तू आयुष्यात इतकं गोड कधी लिहिलं नाहीस. 'तुझ्या सोयीने' काय, 'घाई नाही' काय! नऊ दिवस उरलेत आणि घाई नाही? मी हिला विचारलं. ती म्हणाली, भाजी आणायला गेले होते. मी म्हटलं, मग त्या दिवशी भाजी कुठे होती? तिथे पकडली गेली.

तर झालं आहे हे असं. सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होतं. पंचेचाळीस वर्षं मला कुणी विचारलं, काय करता, तर मी हात दाखवायचो. आता काय दाखवू? तू रागावलीस त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी धडधाकट माणसाशी बोलावं तसं बोललं. बाकी सगळे हळू आवाजात बोलतात, आणि मला ऐकू येत नाही.

जिन्याचं मी पाहिलं नव्हतं. मी तो पाठवला, कारण लाकूड चांगलं होतं. श्रेय घेणार नाही.

आता ऐक. घुमट काढ. तू लिहिलं नाहीस, पण तू तो कुठेतरी वर ठेवला असणार, अध्यक्षांसाठी. तो तिथे बाकीच्यांच्या डोक्यावर बसतो. आणि जोड लपवू नकोस. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे बोटभर फट ठेव आणि वर काच टाक, उजेड येईल. वेगवेगळ्या घरची माणसं एका छताखाली राहताना जरा अंतर ठेवून राहतात, तसं.

शुक्रवारच्या बसने येतो. लिफ्ट चालू होणार नाही हे मला माहीत आहे. चढेन.

दादा


४ मार्च २०१६

प्रिय वहिनी,

दादा आज सकाळच्या बसने निघालेत, पोचले असतील. काय झालं ते विचारलंत तर 'बरं झालं' एवढंच सांगतील, म्हणून मी सविस्तर लिहिते.

तीन मजले चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. वर येऊन खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य: "घुमट अजून तिथेच आहे." चार दिवस आमचं त्यावरून वाजलं. मी म्हणायचे, अध्यक्ष नाराज होतील. ते म्हणायचे, काय? मी पुन्हा ओरडायचे. खालचा फरशीवाला दोनदा वर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना म्हणून. काका कापायचे, मी चिकटवायचे आणि दादा आम्हाला आडदांड म्हणायचे. एकदा त्यांनी न राहवून स्वतः सुरी उचलली. ती पडली. मग काका वाकले, उचलली आणि म्हणाले, "कुठे कापू म्हणालात?" मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

घुमट शेवटी मीच काढला. काढल्यावर जिना पहिल्यांदा नीट दिसला.

सादरीकरणाला दादा मागच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात खिशात. इतर चौघांची मॉडेलं चकचकीत, आतून दिवे लागणारी. एकाचं तर फिरत होतं. आमचं लाकडाचं, आठ जुन्या तुकड्यांचं, आठांचे रंग वेगळे. मी बोलले. न्यायाधीश साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे सगळं सुरेख आहे हो बाई, पण यात भविष्य कुठे आहे?"

वहिनी, माझं उत्तर तयार होतं. दोन पानं. आणि त्या क्षणी एक शब्द आठवेना. मी म्हणाले, "साहेब, पुढच्या महिन्यात माझं ऑफिस चालू असेल की नाही मला ठाऊक नाही. शंभर वर्षांचं मी काय सांगू?"

मी खाली बसायच्या बेतात होते. तेवढ्यात दादा उठले. त्यांना प्रश्न ऐकू गेला नव्हता, माझं उत्तरही नाही. त्यांना वाटलं, मॉडेल कसं बनलंय ते विचारतायत. ते पुढे आले आणि डाव्या हाताने मुलांचं गोल दालन सरळ उचललं! मॉडेलमधून बाहेर! आणि जिन्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"चिकटवलेलं नाही," ते म्हणाले, त्या त्यांच्या मोठ्या आवाजात. "ठेवलंय. इकडे नको वाटलं, तिकडे घ्या. मुलं वाढली, दुसरं आणा. एखादं नको झालं, काढा. बाकीच्यांना काही होत नाही."

इंजिनिअर साहेब पुढे सरकले. "म्हणजे हे टप्प्याटप्प्याने बांधता येईल?"

"काय?"

"टप्प्याने! टप्प्याने!"

"ठेवा ना. कुठेही ठेवा."

लोक हसले. मी सांगते, ते हसणं चांगलं होतं. दालन परत जागेवर ठेवताना मात्र त्याची नाजूक कड आपटली आणि एक भिंत मोडून टेबलाखाली गेली. दादांनी माझ्याकडे बघितलं. तसं बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ग्रंथपाल बाई कोपऱ्यातून उठल्या, टेबलाखाली शिरल्या, भिंत घेऊन बाहेर आल्या आणि ती दादांच्या हातात देत समितीला म्हणाल्या, "तीस वर्षं मी कपाटं सरकवतेय. भिंती सरकवायची सोय कुणी दिली नव्हती. मला हे हवंय."

बस्स. निकाल लागेल तेव्हा लागेल. दादांचा मफलर माझ्याकडे राहिलाय. करवतीचं यंत्र कुणाला देऊ नका.

तुमची,
ठमी


२० जुलै २०१६

प्रिय दादा,

काम आपल्याला मिळालं.

म्हणजे, काही काम आपल्याला मिळालं. मनोरा मिळणार नाही म्हणून ते व्यापारी देणगीसकट गेले. कॉलेजचा पूल गेला. करवती छप्पर निम्मं झालं. जिना आणि मुलांचं दालन राहिलं, आणि मधल्या काचेच्या फटी. बाकीचं 'पुढील टप्प्यात', म्हणजे तुला आणि मला माहीत आहे केव्हा ते. अध्यक्षांनी पुढील टप्प्यात घुमटही लिहून घेतलाय, स्वतःच्या अक्षरात.

पत्र वाचल्यावर आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत टेकले आणि मला गाढ झोप लागली. भर दुपारी. काकांनी फोन काढून ठेवला आणि दोन तास कुणाला आत सोडलं नाही.

उठल्यावर वाटलं, आता हे बांधावं लागणार. पाया, पाणी, ठेकेदार, दर आठवड्याची बैठक. दादा, मला नकार मिळाल्यावर काय करायचं ते छान येतं. होकार मिळाल्यावर काय करतात?

ठमी


२९ जुलै २०१६

ठमे,

पायापासून सुरुवात करतात.

जिन्याच्या कठड्यावर लक्ष ठेव. ठेकेदार तिथे हमखास घाण करतो.

दादा


१९ सप्टेंबर २०१८

ठमे,

उद्घाटनाला आलो नाही म्हणून तू रुसलीस, ते योग्यच. पण तीन भाषणं मला न ऐकता बघावी लागली असती. काल मंगळवारी आम्ही दोघं तुला न कळवता तुझ्या गावी येऊन गेलो. कळवलं असतं तर तू सोबत चालत सगळं समजावून सांगितलं असतंस, आणि मला बघायचं होतं.

ग्रंथपाल बाईंनी ओळखलं. वहिनीला घेऊन त्या चहाला गेल्या आणि दोघी दीड तास परतल्या नाहीत. मी एकटा सज्जे चढलो. बाजूच्या लहान पायऱ्यांनी, कठडा धरून. कठडा डावीकडे आहे हे तू कुणासाठी केलंस ते मला कळलं, त्यावर मी काही लिहीत नाही. चौथ्या सज्ज्याशी मात्र त्याचा एक बोल्ट वर आलाय. कुणाची तरी बाही फाटेल. बसवून घे.

मंगळवार असूनही माणसं होती. सहाव्या सज्ज्यावर दोन मुली एकाच पुस्तकात डोकं घालून. आठव्यावर बसडेपोचा कंडक्टर, गणवेशातच, बूट काढून व्यवस्थित जोडीने ठेवलेले, पुस्तक छातीवर उघडं आणि गाढ झोपलेला. मी त्याच्या शेजारी टेकलो. तासभर होतो. कुणी त्याला उठवलं नाही. एक बाई कपाटातलं पुस्तक काढायला आली, तर त्याच्या डोक्यावरून अलगद हात नेऊन काढून गेली. खाली गोल दालनात मुलांचा गोंगाट चालला असावा. मला तो ऐकू येत नाही, पण सज्ज्याच्या लाकडातून कळत होता, बसल्या जागी.

पुढचा टप्पा कधी होणार म्हणून विचारू नकोस, आणि मीही विचारत नाही. तुझी दमणूक मला त्या फरशीच्या सांध्यांत दिसली. प्रत्येक सांधा सरळ आहे. असं काम करून घ्यायला रोज किती भांडावं लागतं ते मला ठाऊक आहे. आता थोडी विश्रांती घे. किल्ली फरशीवाल्याला द्यायची असेल तर दे, नसेल तर नको.

एक गोष्ट सांगायची राहिली. इतकी वर्षं तुझी प्रत्येक इमारत मी वरून पाहिली. छत उचलायचं, आत डोकवायचं, छत ठेवायचं. माझ्या लेखी तुझ्या सगळ्या इमारती गुडघ्याएवढ्या होत्या, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठा होतो. काल त्या कंडक्टरशेजारी बसून मी पहिल्यांदा मान वर केली. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीतून उजेड खाली येत होता, आणि मी आत होतो.

वहिनी येईपर्यंत तसाच बघत बसलो. आज मान इतकी अवघडलीय की हे पत्र तिरकं लिहिलं गेलंय.

तुझा,
दादा